बहिणीला बीपीडी आहे, सिगारेट सोडायचीय, थेरपिस्ट म्हणतात 'आत्ता घाई नको'. काय करावं?

कर्वेनगरची_थोरली

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात वाचनमात्र असते. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

धाकटी बहीण २५ वर्षांची. ती, मी आणि आई एकत्र राहतो. तिला बीपीडी म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना चटकन टोकाला नेणारा मनाचा आजार) असल्याचं निदान होऊन दीड वर्ष झालं. त्याआधी नैराश्य धरून औषधं चालली होती, त्यांचा म्हणावा तसा उपयोग होत नव्हता. आता रात्री ओलान्झपिनची लहान गोळी, आठवड्यातून एकदा डीबीटीची (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, टोकाच्या भावना सांभाळायची कौशल्यं शिकवतात ती) थेरपी आणि शनिवारी सकाळी डीबीटीचाच गट. फरक खरोखर पडलाय. पूर्वी महिन्यातून एकदा तरी मध्यरात्री रिक्षा करून दवाखाना गाठावा लागायचा, ते बऱ्याच काळात झालेलं नाही.

राहिली आहे ती सिगारेट. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून ओढते, सध्या दिवसाला बारा-पंधरा. घरी गॅलरीत, ऑफिसला बाणेरच्या टपरीवर. कायद्याने सुट्टी विकायला बंदी आहे म्हणे, पण तिला कधी पाकीट घ्यावं लागलेलं मी पाहिलं नाही. सोडायचं तिचं तिनेच ठरवलंय, आम्ही मागे लागलो नव्हतो. ऑफिसच्या ग्रुपबरोबर सिंहगडाला गेली होती, पहिल्याच चढाला धाप लागली आणि सगळे पुढे निघून गेले. घरी येऊन म्हणाली, बस झालं.

पण दर वेळी होतं ते असं. पहिल्या दिवशी प्रचंड उत्साह, उरलेल्या सिगारेटी आणि लायटर घंटागाडीत. दुसऱ्या दिवशी गप्प. तिसऱ्या दिवशी स्फोट. मागच्या खेपेला मी फक्त "जेवायला ये ना, गार होतंय" एवढंच म्हटलं. आवाजात थोडा वैताग असेल, मी नाकारत नाही. त्यावरून "तुम्हाला मी ओझं झालेय, स्पष्ट सांगा ना" इथपर्यंत गेलं. दार आपटलं, आतून रडण्याचा आवाज. आईच्याने ते बघवेना. तिने पर्समधून पैसे काढले आणि म्हणाली, "जा बाई, ओढ एक, पण शांत हो." ती खाली गेली, दहा मिनिटांनी वर आली आणि मुकाट्याने जेवली. आईचं तेव्हापासून पक्कं मत झालंय की सिगारेट हेच तिचं औषध आहे. वाईची आजी येते तेव्हा "पोरीच्या जातीला हे शोभतं का" करत बसते, आणि ते म्हणताना स्वतःच्या तोंडात मिश्री असते, असो.

थेरपिस्ट म्हणतात आत्ता घाई नको, आधी बाकीचं स्थिर होऊ दे. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात आजच्या आज बंद करा. बहीण दोघांच्या मध्ये अडकलीय आणि खरं सांगायचं तर मीही. थांबणं बरोबर आहे का? चालू असलेल्या थेरपीतूनच सिगारेटही सुटू शकते का, की त्यासाठी वेगळीकडे जावं लागतं? आणि तिसऱ्या दिवशी आम्ही घरच्यांनी काय करायचं? अनुभव असलेल्यांनी लिहा. कुत्सित प्रतिसाद नकोत, ती हा धागा वाचणार आहे.

निवृत्त_फौजदार

मी वीस वर्षं ओढत होतो. २००३ च्या पाडव्याला पाकीट गॅसवर धरलं आणि विषय संपवला. ना गोळी ना थेरपी. हे बीपीडी वगैरे आमच्या वेळी नव्हतं. मनाचा निग्रह हवा. तिला रोज पहाटे पाचला उठवून पर्वती चढायला लावा, पंधरा दिवसांत सुटेल. राग मानू नये.

गोदाकाठ

थोरली ताई, आधी माझी ओळख. नाशिकची, वय ३६, बीपीडीचं निदान तिशीच्या आसपास झालं, सिगारेट कॉलेजपासून होती. आता ओढत नाही. मी डॉक्टरही नाही आणि समुपदेशकही नाही, पेशंट आहे, तेव्हा माझं म्हणणं त्या मापाने घ्या.

फौजदार काका, राग अजिबात नाही आणि पर्वती चांगलीच आहे. पण निग्रहाची आम्हाला कधी टंचाई नसते. आमचा निग्रह एकदम येतो, पाकीट घंटागाडीत टाकतो आणि तिसऱ्या दिवशी एकदम जातो. बरं, 'आमच्या वेळी नव्हतं' म्हणाल तर हे नाव १९८० पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आहे. तुमच्या वेळीही ही माणसं होती, त्यांना तापट, नाटकी, हट्टी म्हणायचे.

ताई, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात. ती दहा मिनिटांनी वर आली आणि जेवली. त्या दहा मिनिटांत काय काय झालं बघा. ती भांडणाच्या खोलीतून बाहेर पडली. जिना उतरली. उघड्यावर उभी राहिली. पाच-सात मिनिटं लांब श्वास आत, त्याहून लांब श्वास बाहेर. कुणी तिला एक प्रश्न विचारला नाही. आणि हो, तीन दिवस न मिळालेलं निकोटीन मिळालं. यातलं शांत नेमकं कशाने केलं? घरात सगळं श्रेय सिगारेटला गेलं. आमच्या थेरपीची सुरुवात हे श्रेय नीट वाटून देण्यापासून झाली.

डीबीटीत रोज भरायचा एक तक्ता असतो, डायरी कार्ड. बहिणीकडे असणारच. माझ्या थेरपिस्टने त्यात दोन रकाने वाढवले. एकात तलफ ० ते ५ पैकी किती ते लिहायचं, दुसऱ्यात त्याच्या जरा आधी काय चाललं होतं ते. कमी करायची अटच नव्हती. ओढायची ती ओढ, पण लिही. माझी चिडचिड झाली होती, कशाची फी देतोय आपण म्हणून. पण बऱ्यापैकी पानं भरल्यावर आम्ही ती समोर पसरली, तर सिगारेटींचे सरळ दोन ढीग पडले. एका ढिगात ठरलेल्या वेळा होत्या. उठल्या-उठल्या, चहाबरोबर, जेवण झाल्यावर, झोपण्याआधी. तिथे मनात काहीच नसायचं, अंगाला हवी म्हणून ओढलेली. दुसऱ्या ढिगाला वेळापत्रक नव्हतं. सासूबाईंचा फोन ठेवल्यावर. नवऱ्याने मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही तेव्हा. साहेब "जरा बोलायचंय" म्हणाले आणि बोलवायला तास लावला तेव्हा. आणि फार आनंद झाला तरीही, कारण आम्हाला तोही झेपत नाही.

मला या धाग्यावर सांगायचंय ते एवढंच की हे दोन ढीग वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. पहिल्या ढिगावर थेरपीतली कौशल्यं वापरून फारसं हाती लागत नाही, तिथे निकोटीनचा पॅच (त्वचेवर लावायची पट्टी), निकोटीनचा गम, डॉक्टर. दुसऱ्या ढिगावर पॅच लावून काही होत नाही, कारण सासूबाईंच्या फोनवर पॅच नसतो. लोक एक करतात, दुसरं राहतं, मग म्हणतात आम्ही सगळं करून बघितलं.

दुसऱ्या ढिगासाठी साखळी काढायची. इंग्रजीत चेन ॲनॅलिसिस म्हणतात, गटात शिकवलं असेल. एकच सिगारेट घ्यायची आणि तिच्या मागे-मागे जायचं. माझी एक सांगते. आदल्या रात्री झोप नाही. दुपारचा डबा तसाच परत. नवरा सिन्नरला कामावर, चार वाजता मेसेजला निळ्या खुणा, उत्तर नाही. मनात आलं, 'याला माझा कंटाळा आला.' छातीत आग. मग 'आत्ता काही केलं नाही तर मी फोन करून वाटेल ते बोलणार.' मग टपरी. कागदावर उतरल्यावर दिसलं की ती सिगारेट मी फोन करू नये म्हणून ओढली होती. म्हणजे त्या क्षणी ती एक मोठा राडा थांबवत होती. ती नुसती काढून घेतली असती तर तिच्या जागी काय आलं असतं?

तुमच्या थेरपिस्ट 'घाई नको' म्हणतात त्यामागे हेच असणार. डीबीटी सिॲटलच्या मार्शा लिनेहान यांनी उभी केली, तिच्यावरचा पहिला मोठा अभ्यास १९९१ चा. त्या स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात राहून आल्या होत्या, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या पद्धतीत आधी काय, नंतर काय हे ठरलेलं असतं. जिवाशी खेळ होईल असं वागणं पहिलं. थेरपीच बंद पडेल असं वागणं दुसरं. आयुष्याची घडी बिघडवणाऱ्या गोष्टी तिसऱ्या, आणि सिगारेट त्या तिसऱ्या खणात. म्हणून मध्यरात्रीचे दवाखाने थांबेपर्यंत तुमच्या थेरपिस्ट गप्प राहिल्या असतील तर बरोबरच केलं. पण ते थांबलेत असं तुम्हीच लिहिलंय. मग आता बहिणीने विचारावं, "घाई नको तर मग कधी? काय झालं की सुरू करायचं?" याला उत्तर मिळालं पाहिजे. मनाच्या आजाराचे पेशंट आहेत, ओढू देत बिचारे, हा विचार डॉक्टर मंडळींतही बराच मुरलेला आहे आणि त्याची किंमत फुप्फुसं देतात.

साखळीतल्या प्रत्येक कडीला काहीतरी करता येतं. झोप आणि डबा ही पहिली कडी, सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगी. 'कंटाळा आला' या विचारासाठी वस्तुस्थिती तपासणं. सिन्नरला शॉप फ्लोअरवर फोन लॉकरमध्ये ठेवतात, हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, आठवायचं मात्र नाही. छातीतल्या आगीला विचार चालत नाहीत, तिथे शरीराकडून जावं लागतं. पातेल्यात फ्रिजचं गार पाणी घेऊन, श्वास रोखून, वाकून चेहरा अर्धा मिनिट पाण्यात. नाडी खरोखर मंदावते. हृदयाचा त्रास असेल किंवा खाण्याचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ऑफिसात पातेलं कुठून आणणार, तिथे मी चार मजले जिना भरभर चढायचे.

आणि बाहेर जाणं सोडू नका! याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. सिगारेट म्हणजे खोलीबाहेर पडायचा परवाना असतो. "जरा सिगारेट ओढून येते" म्हटलं की कुणी अडवत नाही, "मला आत्ता इथे थांबवत नाहीये" म्हटलं की चार प्रश्न. घरात ठरवून टाका की ती उठून खाली गेली तर कुणी विचारायचं नाही, मागे जायचं नाही, दहा-पंधरा मिनिटांत ती परत येणार हे गृहीत. हे शांत असताना बोलून ठरवायचं. तिच्या मनात स्वतःला इजा करण्याचं येत असेल त्या दिवसांसाठी वेगळी व्यवस्था लागेल, ती थेरपिस्टबरोबर बसून आखा.

तलफ येते तेव्हा वाटतं की ओढेपर्यंत ती वाढतच जाणार. तशी ती जात नाही. चढते, माथ्यावर थोडी रेंगाळते आणि उतरते, न ओढताही. ॲलन मारलॅट म्हणून सिॲटलचेच एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी हे लाटेवर स्वार होणं म्हणून शिकवलं. मी घड्याळ लावून दर मिनिटाला आकडा लिहायचे. ५, ५, ४, ५, ३. आकडा खाली येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की विश्वास बसतो, कुणी सांगून बसत नाही.

आता घसरण्याबद्दल. आमचं डोकं काळं नाहीतर पांढरं. एक ओढली की 'झालं, मी अशीच, आता पाकीट संपवूया.' लिनेहानबाईंची यावर एक भूमिका आहे, पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती चलाखी वाटली. सोडताना शंभर टक्के सोडायची, 'अधूनमधून चालेल' असली पळवाट ठेवायची नाही. पण त्याच वेळी, घसरले तर काय करणार हे आधीच लिहून ठेवायचं. घसरल्यावर रडारड नाही, शिक्षा नाही, त्या सिगारेटची साखळी काढायची आणि पुढच्या मिनिटापासून परत शंभर टक्के. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या. बीपीडीवाल्याला हे जमलं तर सिगारेटच्या पलीकडे बरंच काही जमतं.

त्यांच्या व्यसनासाठीच्या कौशल्यांत सूर्याजीने सिंहगडावर केलं तेही आहे, परतीचे दोर कापणं. लायटर टाकला, उत्तम. पण टपरीवाल्याला सांगितलं का? ऑफिसातल्या सुट्टा पार्टनरला सांगितलं का? त्यांच्या ग्रुपवरून बाहेर पडली का? घंटागाडीत पाकीट टाकणं हा एकच दोर आहे, आणि कोपऱ्यावर नवीन पाकीट मिळतंच.

आईंबद्दल लिहायला अवघड वाटतंय, पण लिहिते. त्यांनी पैसे दिले ते मायेपोटी. पण त्यातून मनाला धडा मिळतो की पुरेसं रडलं की सिगारेट मिळते. आणि कधी मिळते, कधी नाही असं असेल तर रडणं आणखी लांबतं. हे नाटक नसतं, तिला स्वतःलाही कळत नसतं. तर बहिणीच्या समोर, तिच्या संमतीने ठरवा की भांडण चालू असताना सिगारेटचे पैसे कुणी देणार नाही. आईंनी काहीच करायचं नाही असं नाही. "तुला आत्ता असह्य होतंय, दिसतंय मला" एवढं म्हणून जवळ बसलं तरी पुष्कळ. "एवढंसं तर आहे" हे वाक्य मात्र घरातून हद्दपार.

रात्रपाळी

मनोविकारशास्त्राला निवासी डॉक्टर आहे. गोदाकाठ यांनी थेरपीचं इतकं छान लिहिलंय की मी फक्त पहिल्या ढिगाबद्दल बोलतो. तुमच्या पेशंटला मी तपासलेलं नाही, तेव्हा हे तिच्या डॉक्टरांशी बोलण्यासाठीचे मुद्दे समजा.

तिसऱ्या दिवसाचं कोडं सोपं आहे. निकोटीन शरीरातून झपाट्याने जातं, दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. न मिळाल्याचा त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. त्या त्रासाची यादी वाचा: चिडचिड, राग, अस्वस्थता, उदासी, झोप न लागणं. बीपीडी असलेल्या माणसाला हे सगळं आतून 'माझा आजार उलटला' असंच वाटणार, आणि घरच्यांनाही. कॅलेंडरवर ते तीन-चार दिवस आधीच खूण करून ठेवा. त्या दिवसांत घरात लग्नाचा, पैशांचा, नोकरीचा विषय नको.

दुसरं फार महत्त्वाचं आणि नेहमी राहून जाणारं. ती ओलान्झपिन घेते. सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत हे औषध लवकर मोडून काढतं. सिगारेट बंद झाली की तोच डोस रक्तात जास्त साचतो, मग झोप, सुस्ती, वजन. म्हणून सोडायची तारीख ठरली की गोळी देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवा, ते डोस बघतील. आपल्या मनाने गोळी कमी करू नका. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही, त्यामुळे पॅच किंवा गम लावल्याने तो टळत नाही. कॅफीनचंही तसंच. सोडल्यावर तेवढाच चहा-कॉफी जास्त चढतो, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि आपण म्हणतो सिगारेट सोडल्याने घबराट वाढली. त्या काळात कॉफी निम्म्यावर आणा.

निकोटीन गम बहुतेक लोक साध्या च्युइंगमसारखा चघळतात आणि उचक्या लागल्या, ॲसिडिटी झाली म्हणून टाकून देतात. दोन-चार वेळा चावायचा, झणझणीत चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की परत चावायचा. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. पॅच दिवसभर संथ पुरवठा करतो, गम अचानक आलेल्या तलफेला. दोन्ही मिळून वापरलं तर एकट्या-एकट्यापेक्षा चांगला उपयोग होतो.

व्हॅरेनिक्लिन या सिगारेट सोडवायच्या गोळीविषयी नेटवर भीतीदायक वाचाल. आत्महत्येच्या विचारांबद्दलचा अमेरिकेतला ठळक इशारा २००९ साली तिच्या वेष्टनावर आला होता. नंतर ईगल्स नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. आठ हजारांवर लोक, त्यातले सुमारे निम्मे मनोविकाराचे. गोळी किंवा पॅच घेणाऱ्यांत आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत मानसिक दुष्परिणामांचा लक्षणीय फरक दिसला नाही, आणि सोडण्यात व्हॅरेनिक्लिन सगळ्यांत पुढे राहिली. त्याच वर्षी तो इशारा काढला गेला. त्या अभ्यासात बीपीडी असलेल्यांना प्रवेश होता, पण ते होते मोजकेच, आणि प्रकृती स्थिर असलेलेच लोक घेतले होते. म्हणून आमच्याकडे अशा पेशंटला ही गोळी देताना पहिले काही आठवडे लवकर-लवकर बोलावतो. ब्युप्रोपियन ही सिगारेट सोडवायची दुसरी गोळी मात्र फिट्स येणाऱ्यांना किंवा जेवून उलटी काढण्यासारखा खाण्याचा आजार असलेल्यांना चालत नाही. बीपीडीत तो आजार बऱ्याचदा सोबत असतो, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

व्हेप सुचवणारे मित्र भेटतील. ई-सिगारेटची विक्री २०१९ च्या कायद्याने बंद आहे, जे मिळतं ते चोरीछुपे, आत काय आहे कुणालाच ठाऊक नाही.

तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन १८००-११२-३५६, मराठीतही बोलतात. आणि सोडण्याच्या काळात जीव नकोसा वाटायला लागला तर थेरपिस्टच्या पुढच्या वेळेची वाट न बघता टेली-मानस, १४४१६, रात्रीही चालू असतो. तिथून तातडीने काही होणार नसेल तर सरळ जवळच्या हॉस्पिटलचा अपघात विभाग.

आईंच्या 'सिगारेट हेच औषध' या मताबद्दल एकच. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. सोडलेल्यांची चिंता, उदासी, ताण, न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले होते, आणि मनोविकार असलेल्यांतही तसंच चित्र होतं. पहिले काही आठवडे याच्या बरोब्बर उलट वाटतं, घोटाळा तिथे होतो.

निवृत्त_फौजदार

वाचलं. पर्वती मागे घेत नाही, पण पहाटे पाच मागे घेतो. झोपू द्या मुलीला. मीही सोडल्यावर महिनाभर ठाण्यात सगळ्यांवर खेकसत होतो असं आमची हिने आत्ता मागून वाचून सांगितलं.

कर्वेनगरची_थोरली

मी ती धाकटी. ताईच्याच आयडीवरून लिहितेय. आधी तिच्यावर चिडले की माझ्यावर धागा काढला म्हणून, मग सगळं वाचलं.

दोन ढीगवाल्या काकू, म्हणजे ताई, सॉरी, ते वाचून मी कालपासून लिहायला घेतलं. माझ्याकडे तिसराही ढीग निघाला. टपरीवर उभं राहण्यासाठीच्या. ऑफिसमध्ये मला बोलायला कुणी नसतं, टपरीवर सगळे बोलतात, कोण कुठल्या टीमचा ते विचारत नाहीत. सिगारेट सोडली तर ती माणसंही जाणार. याला कुठलं कौशल्य? दोर कापा म्हणणं सोपं आहे, त्या दोराला माझे मित्र लटकलेत.

आणि फौजदार काका, थँक्यू.

गोदाकाठ

धाकटे, काकू चालेल. केस पिकलेत.

तुझा तिसरा ढीग माझ्याकडेही होता, मी त्याला दुसऱ्यात कोंबला होता. तू म्हणतेस ते जास्त बरोबर. एकटं पडण्याची भीती हे आपल्या आजाराचं अगदी आतलं दुखणं, आणि टपरी हे त्यावर तू स्वतः शोधलेलं उत्तर आहे. ते उत्तर वाईट नाही, त्याला सिगारेट चिकटलीय एवढंच. त्यामुळे सगळे दोर एकदम कापू नकोस. हा शनिवारच्या गटातल्या नातेसंबंधांच्या कौशल्यांचा विषय आहे, तिथे मुद्दाम काढ. माणसाकडे स्पष्टपणे काही मागायचं कसं ते त्यात शिकवतात. मी काय मागितलं होतं ते सांगते. टपरीवरच्या दोघांना वेगवेगळं गाठून म्हटलं, "मी सोडतेय. चहाला मला बोलवत जा, पण टपरीवर नाही, कँटीनला. आणि मी मागितली तरी देऊ नका." एक हसला आणि पुढे कधी बोलवलं नाही, त्याचं वाईट वाटलं. दुसरी यायला लागली, अजून येते.

पहिले काही आठवडे टपरीकडे फिरकू नकोस, वासानेच अर्धा निकाल लागतो. त्या काळात ही कँटीनची माणसं आधीच ठरलेली असू दे, नाहीतर चार वाजता तुझ्याकडे तलफ असेल आणि सोबत कुणी नसेल. म्हणजे क्रम असा: आधी माणसं, मग डॉक्टरांना गोळीचं सांगणं, मग तारीख. तारीख सोमवारची किंवा वाढदिवसाची नको, आपल्याला असल्या मुहूर्तांचा फार सोस असतो. गट शनिवारी असतो ना? गुरुवारी सोड. तुझा तिसरा दिवस गटात जाईल, तिथे स्फोट झाला तरी तो झेलायला माणसं बसलेली असतात.

आणि टपरीवर उधारी असेल तर ती आधी फेडून टाक. फेडायला ताईला पाठव, तू जाऊ नकोस. तो सुटे पैसे नाहीत म्हणून एक सिगारेट हातावर ठेवतोच.